साधी कॅरॅवॅन घेऊन आउटबॅकच्या कच्च्या रस्त्यावर कसं जायचं

शोरूममधून घेतलेली साधी, म्हणजे डांबरी रस्त्यासाठी बनवलेली ऑन-रोड कॅरॅवॅन (गाडीच्या मागे ओढायचं चाकांवरचं घर) ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमधल्या, म्हणजे आतल्या ओसाड भागातल्या, कच्च्या रस्त्यांवर नेता येते का? येते, पण कुठल्या रस्त्यावर आणि किती घाईत यावर सगळं आहे. खरी अडचण अशी की पुढच्या गाडीत तुम्ही एसी लावून गाणी ऐकत मजेत बसलेले असता, गाडीला चांगले शॉक ॲब्सॉर्बर असतात, आणि मागच्या साध्या कॅरॅवॅनला बऱ्याचदा नुसते पाटे असतात, शॉक ॲब्सॉर्बर नसतातच, त्यामुळे तिचे जे हाल चाललेले असतात ते स्टिअरिंगवर कळतच नाहीत. कळतं ते संध्याकाळी दार उघडल्यावर. खाली जे लिहिलंय ते बरंचसं या एका गोष्टीवरचा इलाज आहे.

रस्ता निवडा

पहिल्यांदा जाताय तर साउथ ऑस्ट्रेलियातला ऊडनाडाटा ट्रॅक बरा, मरी ते मार्ला, सहाशेच्या वर किलोमीटर. कोरडा असताना आणि नुकताच ग्रेडर (रस्ता सपाट करणारं यंत्र) फिरलेला असेल तर साधी कॅरॅवॅन हळूहळू नेता येते, आणि मरी, विल्यम क्रीक, ऊडनाडाटा, मार्ला ही ठिकाणं एकमेकांपासून साधारण २००-२१० किमीवर आहेत, त्यामुळे डिझेलची फार चिंता नाही (कॅरॅवॅन मागे असली की डिझेल धडाधड जातं हे मात्र धरून चला, आणि प्रत्येक पंपावर टाकी फुल करा). जुन्या घान रेल्वेच्या कडेकडेने हा रस्ता जातो. मरीला अफगाण म्हटल्या जाणाऱ्या उंटवाल्यांची वस्ती होती, आणि गंमत म्हणजे १८६० साली ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्सच्या मोहिमेसाठी उंट आणले ते कराचीहून, म्हणजे तेव्हाच्या आपल्या मुंबई इलाख्यातून! असो.

वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या गिब रिव्हर रोडवर मात्र साधी कॅरॅवॅन नेऊ नका. कोणी कितीही सांगितलं की आम्ही नेली होती, तरी नाही. रस्त्याच्या दोन टोकांकडच्या डर्बीला किंवा कुनुनुराला कॅरॅवॅन पार्कमध्ये ती ठेवायची, टेंट घ्यायचा आणि नुसती गाडी घेऊन जायचं. यात काही कमीपणा नाही.

आधी कागद, मग काटा

कॅरॅवॅनचं वॉरंटीचं पुस्तक आणि इन्शुरन्सची पॉलिसी दोन्ही काढून वाचा, कच्च्या रस्त्याबद्दल काय लिहिलंय ते बघा, आणि समजलं नाही तर फोनवर विचारून सोडून देऊ नका, ईमेलवर लेखी उत्तर घ्या. भाड्याची असेल तर करारात बहुतेक वेळा कच्च्या रस्त्याला सरळ मनाई असते, मग विषयच संपला.

त्यानंतर सगळं सामान आणि पाणी भरून वजनकाट्यावर जा. घरी अंदाजाने काढलेलं वजन नेहमी कमी निघतं. कॅरॅवॅनचं एकूण वजन तिच्या प्लेटवर लिहिलेल्या एटीएमच्या (भरलेल्या कॅरॅवॅनच्या कमाल वजनाच्या) आत पाहिजे, आणि टोबॉलवर (गाडीच्या मागे जिथे ती अडकवतात त्या गोळ्यावर) येणारा भार एकूण वजनाच्या साधारण १० टक्के. मागे जड झाली की ती शेपूट हलवायला लागते, आणि खडीवर ते सावरणं डांबरापेक्षा खूप अवघड. २००० किलोच्या वरच्या कॅरॅवॅनला सगळ्या चाकांना ब्रेक आणि ब्रेकअवे सिस्टीम (कॅरॅवॅन गाडीपासून सुटली तर तिचे ब्रेक आपोआप लावणारी) लागते, त्या ब्रेकअवेची बॅटरी चार्ज आहे का ते आत्ताच बघून घ्या.

सामान भरणं

इथे वेळ द्या. जड वस्तू खाली, ॲक्सलच्या वर किंवा आसपास, आणि वरच्या कपाटांत फक्त कपडे, चादरी, चिप्सची पाकिटं असलं हलकं. कोल्ड्रिंकचे किंवा बीअरचे ॲल्युमिनियमचे कॅन एकमेकांना चिकटून ठेवले तर दिवसभराच्या थरथरीत घासून घासून चक्क भोक पडतं आणि फ्रिजभर चिकट पाणी होतं, म्हणून प्रत्येक दोन कॅनमध्ये टॉवेल किंवा पुठ्ठा. स्टीलच्या ताट-वाट्यांचंही तेच, मध्ये नॅपकिन घाला नाहीतर भांडी काळी पडतात आणि आवाजाचं तर विचारूच नका. मसाल्याच्या डब्याला बाहेरून जाड रबर लावून तो झिप-लॉकच्या पिशवीत घाला, कारण हळद आणि तिखट एकदा कपाटात सांडलं की ते पुढच्या दिवाळीपर्यंत निघत नाही. मायक्रोवेव्हची काचेची प्लेट काढून गादीखाली, फ्रिजच्या दाराला पट्टा. दुसऱ्या राज्यातून साउथ ऑस्ट्रेलियात शिरताना ताजी फळं आणि मिरच्या काय चालतात काय नाही ते आधी बघा, फ्रूट फ्लायचे नियम कडक आहेत आणि दंडही होतो.

पिण्याचं सगळं पाणी कॅरॅवॅनच्या टाकीत ठेवू नका. ती टाकी खाली लटकलेली असते, एक टोकदार दगड लागला की संपलं. मी माणशी रोज १० लिटर धरतो आणि त्यातलं निम्मं तरी जेरीकॅनमध्ये गाडीत असतं.

खालून आणि पुढून बचाव

जमिनीवर आडवं होऊन कॅरॅवॅनच्या पोटाखाली बघा: पाण्याचे पाइप, ड्रेनचे नळ, वायरी, काय काय उघडं आहे ते. बागेचा जाड रबरी पाइप उभा चिरून त्या पाइपांवर चढवायचा आणि केबल टायने बांधायचा, स्वस्तात मस्त काम होतं. गॅसच्या बाटल्या घट्ट बांधा आणि चालताना बंद ठेवा.

आता एक गोष्ट जी नवीन लोकांना माहीत नसते: गाडीच्या मागच्या चाकांनी उडालेले दगड कॅरॅवॅनच्या पुढच्या भागावर आपटून परत येतात आणि तुमच्याच गाडीची मागची काच फोडतात. म्हणून गाडीला चांगले मडफ्लॅप, कॅरॅवॅनच्या पुढे जाळी किंवा जाड कापड, आणि काहीच नसेल तर मागच्या काचेवर पुठ्ठा चिकटवा.

धुळीसाठी लोक दाराच्या आणि फ्रिजच्या व्हेंटवर टेप लावतात, आणि छताची पुढची झडप थोडी उघडी ठेवतात म्हणजे आत हवेचा दाब राहून धूळ कमी शिरते. चालतं, पण मुक्कामाला पोचल्यावर गॅस पेटवायच्या आधी तो टेप निघालाच पाहिजे, ते व्हेंट गॅस आणि धूर बाहेर जाण्यासाठीच ठेवलेले असतात.

टायरमधली हवा

डांबर संपलं की थांबा आणि हवा कमी करा, गाडीची आणि कॅरॅवॅनची दोन्हीची. अंदाज म्हणून २० ते २५ टक्के, म्हणजे कॅरॅवॅनमध्ये डांबरावर ५० पीएसआय असेल तर ३८-४०. टायर मऊ झाला की दगडावर तो जरा दबतो, फाटत नाही, आणि हादरेही थोडे गिळतो. पण हवा कमी म्हणजे वेग कमी, नाहीतर टायर गरम होऊन फुटतो. गेज, कॉम्प्रेसर आणि शक्यतो दोन स्टेपन्या बरोबर.

चालवताना

रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा झालेला असतो, आणि त्यावर एक सल्ला हमखास मिळतो की ८०-९० ला पळव, मग गाडी वरच्या वर तरंगत जाते. नुसत्या गाडीपुरता त्यात थोडा अर्थ असेलही, कॅरॅवॅन मागे असताना अजिबात नाही, कारण तरंगणारं चाक ना ब्रेक घेतं ना वळण, आणि मागचे पाटे तो मार मुकाट्याने खात असतात आणि मग एकदम तुटतात. रस्ता चांगला असेल तर ६०-७०, खराब असेल तर ४०, फारच वाईट असेल तर २०. दिवसाला दोनशे किलोमीटर पुरे. ब्रेक कंट्रोलरचा (गाडीतून कॅरॅवॅनचे ब्रेक चालवणाऱ्या यंत्राचा) गेन, म्हणजे ब्रेकचा जोर, थोडा कमी करा, खडीवर कॅरॅवॅनची चाकं पटकन लॉक होऊन घसरतात. ओढ्याच्या उतारात आणि गुरांच्या जाळीवर (गुरं ओलांडू नयेत म्हणून रस्त्यात बसवलेल्या लोखंडी दांड्यांवर) जवळजवळ थांबूनच जा, तिथे मागचा बंपर घासतो. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (टोबॉलवरचा भार गाडीच्या पुढच्या चाकांकडेही वाटणारी, बार असलेली जोडणी) असेल तर असल्या खोल उतारांसाठी बार काढायचे की नाही ते त्याच्या पुस्तकात बघा.

समोरून रोड ट्रेन (दोन-तीन ट्रेलर ओढणारा लांबलचक ट्रक) आली तर वेग कमी करून डावीकडे घ्या, वाटलं तर थांबा, आणि धूळ बसेपर्यंत निघू नका, मागे अजून एक असू शकते. यूएचएफ रेडिओवर ट्रकवाले बहुतेक चॅनल ४० वर असतात. संध्याकाळी ऊन उतरायच्या आत मुक्काम गाठा, मग कांगारू आणि मोकळी गुरं रस्त्यावर येतात.

पहिला थांबा १०-१५ किलोमीटरवर, मग दर तासाला. उतरायचं आणि कॅरॅवॅनभोवती पूर्ण चक्कर मारायची. प्रत्येक हबजवळ (चाकाच्या मधल्या भागाजवळ) हात न्या, एकच इतरांपेक्षा जास्त गरम असेल तर तिथलं बेअरिंग किंवा ब्रेक गडबड करतंय. चाकांचे नट टॉर्क रेंचने, पाटे आणि यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळणारे) नजरेने, गाडी आणि कॅरॅवॅनमधला विजेचा प्लग सैल झालाय का, चेन लोंबतेय का, आणि शेवटी दार उघडून आत. आत एखादा स्क्रू जमिनीवर पडलेला दिसला तर तो कुठला आहे ते शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही.

पाऊस

आउटबॅकमध्ये थोड्या पावसातही रस्ता चिखल होऊन बंद होतो. सरकारी रोड रिपोर्ट रोज सकाळी बघा, मरी आणि मार्लाला रस्ता उघडा की बंद याचे मोठे बोर्डही असतात. बंद म्हणजे बंद, मोठा दंड होतो आणि इन्शुरन्सही हात वर करू शकतं. मध्येच अडकलात तर आहात तिथे एक-दोन दिवस काढा, चहा-पोह्यांची सोय असतेच. बऱ्याच भागात मोबाइलला रेंज नसते, म्हणून सॅटेलाइट फोन किंवा पीएलबी (संकटात उपग्रहाकडे मदतीचा सिग्नल पाठवणारं छोटं यंत्र) पाहिजेच, आणि काहीही झालं तरी गाडी सोडून चालत निघू नका.

मार्लाला डांबर लागलं की हवा परत भरा, नट पुन्हा आवळा, छताची झडप बंद करा, आणि घरी पोचल्यावर कॅरॅवॅनची बेअरिंग उघडून बघायला मेकॅनिकची अपॉइंटमेंट घेऊन टाका.