अमेरिकेत कम्युनिटी न्यूट्रिशनला, म्हणजे वस्तीत जाऊन आहार शिकवायच्या कामाला येताय? कृष्णवर्णीय बायकांसोबतच्या कामाबद्दल थोडं

पब्लिक हेल्थ किंवा डायटेटिक्स शिकायला इकडे येणाऱ्यांना माझं एकच सांगणं, जॉर्जिया-अलाबामाकडे कृष्णवर्णीय बायकांच्या आहार-क्लासमध्ये इंटर्नशिप मिळाली तर सोडू नका. यांच्यातल्या निम्म्याहून जास्त प्रौढ बायकांना बीपी आहे, त्यामुळे मीठ हा विषय निघणारच, पण पहिल्याच दिवशी "हे बंद, ते बंद" सुरू केलंत तर पुढच्या वेळी कोणी येणार नाही आणि का यावं त्यांनी?

त्यांचं मूळ जेवण छानच आहे हो. कोलार्डची पालेभाजी, रताळी, चवळी, भेंडी, यातली चवळी-भेंडी तर आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांसोबत अमेरिकेत पोचली. खरा प्रश्न भाजीत पडणाऱ्या हॅम हॉकचा, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या, धुरी दिलेल्या तुकड्याचा, कारण भाजीचं पाणीसुद्धा कॉर्नब्रेड (मक्याच्या पिठाचा ब्रेड) बुडवून संपवतात, मग सगळं मीठ पोटात. आम्ही चर्चच्या किचनमध्ये दोन पातेली लावायचो, एकात हॅम हॉक, दुसऱ्यात कांदा, लसूण, स्मोक्ड पापरिका, आणि चव त्यांनीच सांगायची. एक आजी म्हणाल्या व्हिनेगर वाढव, लाल मिरची घाल, आणि खरंच भाजी सुधारली, मग त्यांचीच रेसिपी आम्ही पुढे शिकवली.

दिवसाला 2300 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे जेमतेम एक टीस्पून मीठ, हे चमच्यात मोजून दाखवा, नुसतं बोलून कळत नाही. बऱ्याच वस्तीत ताज्या भाजीचं दुकान लांब असतं, म्हणून दुकानातल्या हवाबंद डब्यातले बीन्स धुऊन त्यातलं मीठ कमी करायला शिकवणं जास्त कामाचं.

क्लासला जाण्याआधी अलाबामातल्या टस्कीगीचा सिफिलिस प्रयोग नीट वाचा, 1932 ते 1972, सरकारी आरोग्य खात्याने कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवलं होतं. आल्या आल्या फॉर्म भरायला लावले की बायका गप्प का होतात ते त्यावरून समजेल.

डायटिशियनच्या परीक्षेला 2024 पासून मास्टर्स लागतं. पण 1969 पासून चालू असलेल्या एफनेपसारख्या (EFNEP) आहार शिकवणाऱ्या सरकारी प्रोग्रॅममध्ये वस्तीतल्याच बायकांना ट्रेनिंग देऊन शिकवायला नेमतात, सुरुवातीला त्यांच्या हाताखाली बसा, मोठ्यांना नावाआधी "मिस" लावून हाक मारा आणि क्लासची वेळ ठरवताना मुलं सांभाळायची सोय आहे का ते आधी विचारा.