आमच्याकडं मुक्कामाला येताय?

आदल्या दिवशी संध्याकाळच्या आत फोन करा. नुसतं "येतोय" नको, जेवायला किती आणि त्यात शाकाहारी किती, ते सांगा. आमचं घर कास पठाराच्या पुढं, बामणोलीकडं उतरणाऱ्या रस्त्यावर. काही राहिलं म्हणून साताऱ्याला जाऊन यायचं तर अर्धा दिवस जातो. मागं चौघं सांगून अकरा जण उतरले. पिठलं वाढवता येतं हो, पण नाचणी दळायला गिरणी उघडी लागते.

नाष्ट्याला नाचणीची भाकरी, लोणी, खर्डा. नाचणीच्या पिठाला चिकटपणा नसतो, गार पाण्यात मळलं तर थापतानाच कडा चिरतात. म्हणून आधणात पीठ टाकून उकड काढते आणि हाताला सोसेल तेवढी गरम असतानाच मळते. भाकरी टम्म फुगली की लगेच ताटात. तेव्हाच खायची. "दोन फोटो काढून आलो" म्हणत जे अंगणात जातात, त्यांना वातड भाकरी मिळते, आणि मग दोष माझ्या हाताला. खर्डा आधी चिमटीनं घ्या. ब्रेड-बटर नाही.

अंघोळीचं पाणी बंबातलं, तेव्हा नंबर लावा. पावसात लाइट जाते. आल्या आल्या मोबाईल चार्जिंगला लावा, उजेडाला टॉर्च जवळ ठेवा. मोज्यांचे दोन जोड जादा आणा, इथं ओलं झालेलं वाळत नाही.

ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला फुलांसाठी येणार असाल, तर पठाराचं ऑनलाइन बुकिंग वेगळं करा. आमच्याकडं खोली मिळाली म्हणजे कासला प्रवेश मिळाला, असं नसतं. शनिवार-रविवार टाळलात तर फुलं दिसतील, नाहीतर माणसं. जांभ्या दगडावर तिथं जेमतेम बोटभर माती, त्यातच तेरडा, सोनकी आणि सीतेची आसवं. पायवाट सोडू नका. टोपली कारवी सात वर्षांनी फुलते, तिच्यासाठीच यायचं तर आधी विचारून निघा.

वासोटा किल्ल्याला बामणोलीतनं बोटीनं कोयनेचा शिवसागर जलाशय ओलांडून जातात. वनखात्याची परवानगी लागते, पावसाळ्यात बंद. डबा हवा असेल तर रात्रीच सांगा.

गाडी अंगणात उजवीकडं लावा. डावीकडं कोंबडी अंड्यांवर बसलीय, हॉर्न वाजला की उठते.