टायर खरंच गरम झालाय का? हात लावून नाही कळत

पहिल्यांदा ट्रॅकवर जाणाऱ्याला कोणीतरी सांगतंच, "आधी टायर गरम कर." मग भाऊ मागची चाकं जागच्या जागी फिरवून धूर काढतो, रबराला हात लावतो, चटका बसला की खूश, आणि दुसऱ्याच वळणात गाडी मातीत. असं का झालं एवढं कळलं ना, की बाकीचं सगळं सोपं आहे.

चटका बसला तो फक्त वरच्या पातळ थरामुळे. आतलं केसिंग (टायरचा सांगाडा), रिम, आतली हवा, सगळं थंडच होतं, आणि वरची गरमी जरा सरळ पळालात की उडून जाते. टायर गरम आहे म्हणजे आतपर्यंत गरम आहे, आणि ते हाताने कळत नाही, प्रेशर गेजने कळतं.

आधी रबराचं बघू. रस्ता दिसायला सपाट असला तरी त्यात बारीक खडी वर आलेली असते, रबर तिच्यावर दबतं, तिच्याभोवती बसतं आणि परत मूळ आकारात यायला जरा उशीर करतं, ग्रिपचा मोठा भाग त्या उशिरातूनच येतो. थंड रबर कडक असतं, खडीत बसतच नाही, टोकांवरून सरकतं. अति तापलं की इतकं मऊ होतं की वरचा थर फाटायला लागतो. मधल्या पट्ट्यात काम होतं. आणि हा पट्टा प्रत्येक टायरचा वेगळा! रस्त्यावरचे समर टायर साधारण ७ अंशांच्या खाली कडक पडायला लागतात, ट्रॅकचे सेमी-स्लिक (जवळपास गुळगुळीत, कमी खाचांचे टायर) मात्र साधारण ७० ते १०० अंशांच्या आसपास असले तरच मनापासून चिकटतात (नेमका आकडा कंपनीच्या डेटा शीटमध्ये बघा, मित्राचं ऐकू नका).

म्हणूनच रोजच्या वापराला ट्रॅकचे टायर लावणारे लोक मला कळत नाहीत. सिग्नल, ट्रॅफिक, परत सिग्नल, यात तो टायर कधी तापणारच नाही, आणि थंड सेमी-स्लिकपेक्षा चांगला स्ट्रीट टायर जास्त धरतो, पावसात तर विचारूच नका. रस्त्यावर एवढंच करा की पहिली १०-१५ मिनिटं ब्रेक आणि थ्रॉटल हळूहळू द्या. बाइकवाल्यांनी अजून एक लक्षात ठेवा, लांबच लांब सरळ रस्ता कापून आलात की टायरचा मधला भाग गरम असतो पण कडा गार, आणि पहिल्या वळणात तुम्ही झुकता नेमके त्या कडेवर. जर्मनीतल्या साक्सेनरिंग ट्रॅकवर हीच गंमत मोटोजीपीवाल्यांची (बाइक रेसिंगवाल्यांची) होते, १३ पैकी १० वळणं डावीकडची, त्यामुळे डाव्या वळणांची रांग संपून अकरावं वळण उजवीकडे येतं तोवर उजवी बाजू थंड झालेली असते आणि तिथे भले भले पडलेत. त्यावर उपाय म्हणून एकाच टायरच्या दोन बाजूंना वेगवेगळं कंपाऊंड (रबराचं मिश्रण) देतात.

आता ट्रॅकवर गरम करायचं कसं. टायर तापतो तो मुख्यतः वाकण्याने, घासण्याने नाही. म्हणजे सरळ पट्ट्यावर दाबून ब्रेक, दाबून अॅक्सिलरेशन, आणि प्रत्येक लॅपला (ट्रॅकच्या फेरीला) थोडं जास्त. बाइकवर हळू वेगात नागमोडी चालवून फारसं काही होत नाही, उलट थंड टायरवर पडायची सोय होते. टायर वॉर्मर (टायरभोवती गुंडाळायच्या विजेच्या गरम पट्ट्या) असतील तर साधारण ८० अंशांवर तासभर तरी ठेवा, दहा मिनिटं गुंडाळून काढले तर ते परत वरवरचंच.

आणि मग गेज. सकाळी सावलीत, गाडी हलवायच्या आधी प्रेशर लिहून ठेवा. सेशन संपलं की सरळ पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबवतात तिथे) येऊन लगेच परत मोजा. आतली हवा साधारण ६ अंश तापली की प्रेशर १ पीएसआय (गेजवरचं दाबाचं एकक) वाढतं, म्हणजे कारमध्ये थंड ३२ चे गरम ३८ झाले तर हवा जवळपास ४० अंशांनी तापली. प्रेशर जेमतेम २ ने वाढलं असेल तर टायर अजून झोपलेलाच आहे, वरून कितीही चिकट लागू दे. ट्रॅकवर टार्गेट गरम प्रेशरचं धरायचं आणि जास्तीची हवा सोडायची. रस्त्यावर हे करू नका हं, दारावरच्या स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो.

तापमान मोजायचंच असेल तर आतली कड, मध्य, बाहेरची कड अशा तीन जागी, आणि सुई रबरात घुसवायचा प्रोब वापरा, लेझरवाली गन फक्त वरचा थर दाखवते. मध्य जास्त गरम म्हणजे हवा जास्त, दोन्ही कडा गरम म्हणजे हवा कमी, फक्त बाहेरची कड तापतेय तर कॅम्बर (चाकाचा वरून आतल्या बाजूला असलेला कल) कमी पडतोय. आतली कड थोडी गरम असणं चालतं.

अति तापल्याचं तर गाडीच सांगते. स्टिअरिंग हलकं होतं, मागचे दोन लॅप धरलेलं वळण आता लोण्यावर चालल्यासारखं वाटतं. तेव्हा अजून जोर लावू नका, एक-दोन लॅप हळू घ्या, बऱ्याचदा ग्रिप परत येते. टायरवर फोड आले असतील तर मात्र तो दिवसापुरता संपला. तसंही प्रत्येक वेळी पूर्ण तापून गार झाला की रबर थोडं कडक होत जातं, त्यामुळे ट्रेड (टायरवरच्या खाचा) भरपूर दिसतोय आणि ग्रिप गेलीय असं होऊ शकतं.

ब्रेकही तापलेले असतात, म्हणून शेवटचा लॅप ब्रेक न वापरता सावकाश काढा, पिटमध्ये हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा. आणि घरी निघायच्या आधी सोडलेली हवा परत भरा. मी एकदा विसरलो, गरम ३८ चे ३२ केलेले, सकाळी बघतो तर २६ च्या आसपास, आणि तसाच हायवेवर निघालो असतो. कमी हवेचा टायर साइडवॉलमध्ये (बाजूच्या भिंतीत) जास्त वाकतो आणि तिथूनच तापून फुटतो.