आईबाबांचं दार संकटात न फोडता उघडता यावं म्हणून

घरात एकटं असलेलं म्हातारं माणूस पडलं आणि बेल वाजवूनही आतून हालचाल नसली, की अग्निशमन दलाला पहार किंवा हायड्रॉलिक ओपनर लावून दार उखडावं लागतं. जवान ते चोख करतात. पण सेफ्टी डोअर आणि मुख्य दार अशी दोन दारं काढायची तर मोलाची मिनिटं जातात, चौकट खिळखिळी होते आणि आजारी माणूस दवाखान्यात असताना घर उघडं पडतं. अमेरिकेत यासाठी इमारतीच्या प्रवेशाजवळ नॉक्स बॉक्स बसवतात. इमारतीच्या किल्ल्या त्या पेटीत असतात आणि पेटी उघडायची किल्ली त्या भागातल्या अग्निशमन दलाकडे. आपल्या सोसायट्यांत ती पद्धत रुळलेली नाही. तेच काम घरापुरतं करायला आकड्यांचं कुलूप असलेली किल्लीची पेटी दाराशेजारी लावता येते.

पायपुसण्याखाली, तुळशीच्या कुंडीत, मीटरच्या खोक्यावर किल्ली ठेवायचा सल्ला कृपा करून कुणी देऊ नये. चोर आधी तिथेच हात घालतो. वॉचमनकडे किल्ली देणंही बरोबर नाही, कारण एजन्सी माणसं बदलत राहते आणि किल्ली कुणाच्या खिशात गेली ते कळत नाही.

आधी आतली कडी

लोक पेटी आणतात, भिंतीवर ठोकतात आणि निश्चिंत होतात. मग वेळ येते तेव्हा बाहेरून किल्ली फिरते, पण दार जागचं हलत नाही, कारण आतून वरची कडी सरकवलेली असते. कडी, टॉवर बोल्ट, साखळी, आडणा यांतलं काहीही बाहेरून निघत नाही. ते असेपर्यंत पेटीचा उपयोग शून्य.

‘रात्री कडी लावू नका’ एवढं आईला सांगून भागत नाही. चाळीस वर्षांची सवय आहे, झोपायला जाताना हात आपोआप वर जातो. कडी स्क्रू काढून उतरवा आणि भोकं लाकडाच्या लांबीने (पुट्टीने) बुजवा. त्याआधी तिच्या मनातली भीती मात्र नीट ऐकून घ्या. कडी तिला सुरक्षित वाटत असते, आणि बदल्यात तितकंच भक्कम काही दिलं नाही तर आठवडाभरात सुतार बोलावून ती परत लावून घेईल. पर्याय म्हणजे आतून फिरवायची मूठ आणि बाहेरून किल्ली असलेला डेडबोल्ट. शिवाय दाराला पीपहोल हवंच.

जुन्या नाइट लॅचकडे खास लक्ष द्या. बऱ्याच मॉडेलांत आतल्या बाजूला एक छोटा खटका असतो. तो सरकवला की बोल्ट जाम होतो आणि बाहेरची किल्ली चालत नाही. आपल्या लॅचचं काय होतं ते दार उघडं ठेवून तपासा. जाम होत असेल तर लॅच बदला. खटक्यावर चिकटपट्टी लावणं हा उपाय नव्हे.

दुसरी अडचण आत राहिलेल्या किल्लीची. हल्लीच्या बऱ्याच मॉर्टिस लॉकमध्ये, म्हणजे दाराच्या जाडीत बसवलेल्या कुलपात, दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारा सिलिंडर (किल्ली जिथे घालतो तो सुटा भाग) असतो. आतल्या बाजूला किल्ली अडकवून ठेवली की साध्या सिलिंडरमध्ये बाहेरची किल्ली फिरत नाही, कधी पूर्ण आतही जात नाही. मुख्य दाराला बाहेर किल्ली आणि आत मूठ असलेला सिलिंडर घाला. आग लागली तर आतल्या माणसाला किल्ली शोधत बसावं लागत नाही, हा मोठा फायदा. जाळीच्या सेफ्टी डोअरला मात्र मूठ चालणार नाही, जाळीतून हात किंवा तार घालून ती फिरवता येते. तिथे इमर्जन्सी फंक्शनचा सिलिंडर मागा. तो आत किल्ली असतानाही बाहेरून उघडतो. दुकानदार ‘सगळे सारखेच’ म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा.

सिलिंडर बदलायला मिस्त्री लागत नाही. दार उघडं ठेवा. दाराच्या कडेवरच्या पट्टीत, बोल्टच्या खाली, एक लांब स्क्रू असतो, तो काढा. किल्ली घालून किंचित फिरवा, म्हणजे मधली जीभ सिलिंडरच्या अंगाशी सरळ रेषेत येते आणि सिलिंडर बाहेर सरकतो. ओढूनही येत नसेल तर जीभ आडवी आहे, हातोडी मारू नका. माप स्क्रूच्या भोकापासून दोन्ही टोकांपर्यंत वेगवेगळं घ्या, उदाहरणार्थ 30 आणि 40 मिमी. नुसती एकूण लांबी सांगून आणलेला सिलिंडर हमखास एका बाजूला बाहेर येतो, आणि बाहेरच्या पट्टीपुढे तो 3 मिमीपेक्षा जास्त आला तर पकडून मोडणं सोपं जातं.

नवा सिलिंडर बसवल्यावर दार उघडंच ठेवून बोल्ट बाहेर काढा, आत किल्ली घाला आणि बाहेरून उघडून पाहा. मग आतली किल्ली थोडी फिरवलेल्या अवस्थेत ठेवून पुन्हा पाहा. दोन्ही वेळा उघडलं तरच दार लावा.

पेटी

बटणांची घ्या. चाकांवरचे बारीक आकडे अंधाऱ्या पॅसेजमध्ये दिसत नाहीत, बटणं मात्र फोनवर सांगितली तरी दाबता येतात. यात एक गोम आहे. बटणांच्या बहुतेक पेट्यांत क्रमाला अर्थ नसतो, त्यामुळे दहातली चार बटणं म्हणजे फक्त 210 शक्यता. म्हणून पेटी जिन्यावरून किंवा रस्त्यावरून दिसेल अशी लावू नका. फ्लॅट नंबर आणि जन्मसाल हे कोड तर नकोतच.

भिंत विटांची किंवा काँक्रीटची हवी. दाराच्या लाकडी चौकटीवर लावलेली पेटी स्क्रू ड्रायव्हरने उचकटून निघते. 8 मिमीचं भोक, गिलाव्याच्या पुढे विटेत निदान 40 मिमी, धूळ फुंकून काढून प्लग, आणि चारही स्क्रू. दोनावर भागवू नका. बऱ्याच नव्या इमारतींत सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकच्या, भिंती असतात. त्यांत साधा नायलॉन प्लग सैल होतो, तिथे केमिकल अँकर किंवा त्या ब्लॉकसाठीचा खास प्लग लागतो. बेलच्या बटणाच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल करू नका, वायर तिथूनच उतरलेली असते.

पेटीत मूळ किल्ल्या ठेवा, डुप्लिकेट रोजच्या वापरात. लोक उलट करतात आणि ऐनवेळी कधीच न वापरलेली डुप्लिकेट अडकते. सेफ्टी डोअरच्या किल्लीला लाल टोपी, मुख्य दाराच्या किल्लीला निळी. नाव-पत्ता काही लिहू नका.

कोड कुणाकडे

समोरच्या शेजाऱ्यांकडे, सोसायटीच्या सेक्रेटरीकडे आणि मुलांकडे. कोड एकदा कुणी वापरला किंवा घरकामाच्या बाई बदलल्या, की त्याच दिवशी नवा कोड घाला आणि तिन्ही ठिकाणी कळवा. मूल न्यू जर्सीत असेल तर त्याने तिथून 112 फिरवून इथली मदत मिळत नाही. त्याच्या फोनमध्ये शेजाऱ्यांचा आणि सोसायटीच्या गेटचा नंबर हवा. शेजारी इथून 112 किंवा रुग्णवाहिकेसाठी 108 लावतील आणि गाडी येईपर्यंत दार उघडून ठेवतील.

मग रात्री दिवा बंद करून, घराशी अपरिचित अशा शेजाऱ्याला पेटीपासून हॉलपर्यंत यायला सांगा. दोन मिनिटांत जमलं नाही तर कुठे अडलं ते दुरुस्त करा. ही चाचणी पावसाळ्यातही घ्या. दार फुगून चौकटीत रुतलं की किल्ली फिरूनही दार उघडत नाही आणि लोकांना वाटतं कुलूपच बिघडलं. त्या कडेला रंधा मारून घ्या. कुलपात खोबरेल तेल घालू नका, धूळ चिकटून पिना अडकतात. ग्रॅफाइट पावडर घाला.

बाथरूम

पडायचा धोका इथेही मोठा, म्हणून मुख्य दाराएवढंच हे महत्त्वाचं. आतला टॉवर बोल्ट काढून बाहेरून नाण्याने फिरवता येणारी खाच असलेला बाथरूम लॅच लावा. दार आत उघडणारं असेल तर पडलेल्या माणसाचं अंगच ते अडवतं. सुताराकडून ते बाहेर उघडणारं करून घ्या. कोड एकदा कुणी वापरला किंवा घरकामाच्या बाई बदलल्या, की त्याच दिवशी नवा कोड घाला आणि तिन्ही ठिकाणी कळवा.