ताडपत्रीखालचे तीन दिवस : इंदुरात कच्च्या निवाऱ्याचा उपक्रम कसा करावा

स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षे पहिल्या आलेल्या इंदुरात ‘आता झोपड्या राहिल्याच कुठे?’ असे विचारणारे पुष्कळ भेटतात. नाल्यांच्या काठाने एक फेरी मारली की उत्तर मिळते. पण तशी फेरी मारणारे थोडे, म्हणून काही दिवस स्वतः कच्च्या निवाऱ्यात राहून लोकांना तेथे बोलावण्याचा उपक्रम उपयोगी पडतो. तो बेताने केला नाही तर त्याची सहल होते.

सर्वांत आधी अशा घरात राहत असलेल्या एखाद्या व्यक्तीला गाठावे, तिच्याकडून बांधणी शिकावी आणि तिचा जितका वेळ जाईल तितकी रोजची मजुरी तिला द्यावी. आमच्या गटाने हा उपक्रम केला तेव्हा शिकवायला आलेल्या मावशींनी आम्ही भोके पाडून बांधलेली पन्नी (प्लास्टिकचे आच्छादन) पाहिली, काही न बोलता एक गाठ सोडली, कोपऱ्यात सुपारीएवढा खडा गुंडाळला आणि त्याच्या मानेशी सुतळी आवळली. भोक पाडले की वाऱ्याने पन्नी तिथूनच फाटत जाते; खड्याच्या गाठीला भोकच लागत नाही. आम्ही उरलेल्या सगळ्या गाठी सोडून पुन्हा बांधल्या.

निवारा वस्तीत उभारू नये; ज्यांना तेथे रोज राहावे लागते त्यांच्या दारात तीन दिवसांचे पाहुणे होऊन राहणे शोभत नाही. रामबागेसारख्या भागात एखाद्या मंडळाचे आवार मिळाले तर उत्तम, कारण ज्यांना दाखवायचे ते लोक तिथेच येतात. सार्वजनिक मैदान घ्यायचे असल्यास नगर निगमची परवानगी घ्यावी आणि पोलीस ठाण्यात आधी कळवावे. ऑक्टोबरचा पहिला सोमवार जागतिक अधिवास दिन म्हणून पाळला जातो. तो मुहूर्त सोयीचा असला तरी परतीचा पाऊस गाठू शकतो, हे धरूनच तयारी करावी.

खोली दहा फूट बाय दहा फूट, म्हणजे सुमारे ९.३ चौरस मीटर असावी आणि तीत पाच जणांनी राहावे. एका खोलीत तिघांपेक्षा अधिक माणसे राहत असतील तर संयुक्त राष्ट्रांच्या निकषानुसार ती जागा अपुरी ठरते. २०१५ साली सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजनेत दुर्बल घटकांच्या घराचे चटई क्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत धरले होते. या आकाराची चौकट शेजारीच चुन्याने आखून ठेवली तर पाहुण्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. बांधणीसाठी बल्ल्या (लाकडी वासे), सुतळी, जुने फ्लेक्स, गोणपाट आणि एक ताडपत्री पुरते. माळव्याची काळी माती भिजली की चिकटते आणि वाळली की भेगाळते, म्हणून जमीन एका विटेने उंच करावी व भोवती वीतभर खोल चर खणावा. छताला उतार द्यावा, नाहीतर पाणी मध्येच साचून ताडपत्री पोटासारखी लोंबते.

पाण्याचा नियम सर्वांत काटेकोर असावा. पाणीपुरवठ्याच्या शासकीय मानकांत सार्वजनिक नळावर अवलंबून असलेल्या माणसासाठी दिवसाला ४० लिटर, तर मलवाहिनी असलेल्या शहरात घरात नळ असलेल्या माणसासाठी १३५ लिटर धरले जातात. पाच जणांचे २०० लिटर म्हणजे वीस लिटरचे दहा डबे, आणि ते दोनशे किलो वजन शंभर पावले दूरच्या नळावरून स्वतः आणायचे. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या एकाने दाढी करणे सोडले. आळस नव्हता, हिशेब होता. शौचालयही हाताशी ठेवू नये. रात्री तिथवर जाताना बाईमाणसाला सोबत का लागते, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

बहुतेक गट संध्याकाळी येतात, रात्र काढतात आणि सकाळी पोहे-जिलेबीला घरी पळतात. निवाऱ्याचा खरा त्रास दुपारी बारा ते चारमध्ये असतो, जेव्हा पन्नीखाली हवा कोंडते आणि घरी राहणारी बाई, म्हातारी माणसे व तान्ही मुले तिथेच असतात. म्हणून दुपार चुकवू नये, आणि घरचा डबाही मागवू नये. (पहिल्या रात्री एका सदस्याच्या आजींनी पुरणपोळी धाडली. आम्ही ती खाल्ली, हे कबूल करतो.)

सुरक्षिततेत हौस नको. आत शेगडी किंवा कोळसे पेटवू नयेत, कारण बंद जागेतला कार्बन मोनॉक्साइड वास न देता जीव घेतो. उजेड बॅटरीचा असावा, वाळूच्या दोन बादल्या दाराशी असाव्यात आणि रात्री पाळीपाळीने एकाने जागे राहावे. लहान मुलांना व आजारी माणसांना मुक्कामाला घेऊ नये.

एक गोष्ट मात्र या निवाऱ्यात अनुभवता येत नाही, आणि पाहुण्यांशी सर्वांत अधिक तिच्याविषयीच बोलावे. उद्या इथून उठवतील, ही भीती आपल्याला नसते. संयुक्त राष्ट्रांनी केलेल्या झोपडपट्टीच्या व्याख्येत टिकाऊ घर, पुरेशी जागा, पाणी आणि शौचालय यांच्याबरोबर जागेवरील हक्काची शाश्वतीही मोजली जाते. मध्य प्रदेशात शहरी भूमिहीनांना पट्टे, म्हणजे राहत्या जागेच्या हक्काचे कागद, देण्याचा कायदा १९८४ साली झाला, तो याच कारणाने. शक्य असल्यास शेवटच्या दिवशी गटाला इंदुरातलीच अरण्य वसाहत दाखवावी. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी आखलेल्या आणि १९९५ साली वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळालेल्या या वसाहतीत गरीब कुटुंबांना हक्काचा भूखंड, जोते, नळ आणि शौचालय यांची सोय देऊन पुढचे घर ऐपतीप्रमाणे वाढवू देण्याची कल्पना होती. लोकांनी त्यावर काय काय चढवले, ते रस्त्यावरून पाहावे. कुणाच्या दारात घोळका करून फोटो काढू नयेत.

निवारा उतरवल्यावर चर बुजवावा, फाटके फ्लेक्स कचरागाडीत द्यावेत, आणि चांगली ताडपत्री कुठल्याही वस्तीत नेऊन टाकण्याआधी ज्यांनी बांधणी शिकवली त्यांना हवी आहे का, ते विचारावे. आमच्या मावशींना ताडपत्री नको होती. त्यांनी उरलेली सुतळी मागितली.