झेंडूचा वाफा बारमाही फुलता ठेवायचा तर

झेंडूचं झाड हंगामी. चार-पाच महिने फुलतं आणि वाळतं. बारमाही ठेवायचा असतो तो वाफा.

जागा दिवसाला निदान 6 तास उन्हाची हवी. निंबाच्या सावलीत झाड नुसतं उंच जातं, कळी उशिरा धरतं.

विदर्भात पावसाळी झेंडू मरतो तो बहुधा साचलेल्या पाण्यानं. झड लागली की काळ्या मातीत पाणी मुळाशी थांबतं, बुंधा काळा पडतो आणि हिरवंगार झाड मान टाकतं. त्यावर औषध नाही. झाड उपटून लांब टाका. आधीच वाफा वीतभर उंच करा. 3 मीटर लांब, 1 मीटर रुंद वाफ्यात 3-4 घमेली कुजलेलं शेणखत आणि 2 घमेली रेती मिसळा. युरिया टाकूच नका, पालाच माजतो.

दसऱ्याला फुलं हवीत तर साधारण 100 दिवस आधी बी टाका. बी अर्ध्या सेंटिमीटरहून खोल नको, आठवड्यात उगवतं. रोप 25-30 दिवसांचं, 4-5 पानांचं झालं की संध्याकाळी लावा. उंच झेंडूला दोन झाडांत दीड फूट, बुटक्याला फूटभर. लावल्यावर महिन्याभरानं शेंडा खुडा. हात धजत नाही, पण खुडलेल्या झाडाला जास्त बगलफांद्या फुटतात. मात्र पहिलं फूल थोडं लांबतं, ते दिवस हिशेबात धरा.

आता बारमाहीचं गमक. जुनं झाड जोमात असतानाच, साधारण दिवाळीच्या सुमारास, कळी नसलेल्या फांद्यांचे बोटभर शेंडे कापा. खालची पानं काढून ओल्या रेतीत, सावलीत खोचा. दोनेक आठवड्यांत मुळं धरतात. कलमाला फूल अगदी आईसारखं येतं. संकरित झेंडूचं घरचं बी पेरलं तर रंग-आकार सरमिसळ निघतो, म्हणून त्याची कलमंच करा. गावरान झेंडूचं बी खुशाल धरा.

अशीच कलमं माघात पुन्हा करा. वाळलेली फुलं खुडत राहा. बी भरू लागलं की झाड नव्या कळ्या आवरतं घेतं.

एप्रिल-मे मात्र कठीण. फूल लहान होतं, पानांखाली लाल कोळी ही बारीक कीड जाळी विणते. पानांच्या खालून पाण्याचा फवारा मारा. तरी राहिली तर 1 लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा. पश्चिमेकडून जुन्या साडीचा आडोसा, बुडाशी कुटाराचा (पिकाच्या भुशाचा) थर. एवढ्यानं 4-5 झाडं तगली तरी मृगाच्या कलमांना पुरतात.