कूलरचा सराव पाठ: आधी काय काय तयार ठेवायचं

बी.एड.च्या छात्राध्यापकांना विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज एका पाठात जोडायला शिकवायचं असेल, तर नागपुरात कूलरइतका सोयीचा विषय नाही. पण घरपाहणीचं पत्रक शाळेतल्या मुलांच्या हातात आठ दिवस आधी पडलं पाहिजे. गेल्या खेपेला हेच राहिलं आणि पाठाचा सामाजिक भाग नुसतं व्याख्यान झाला.

पत्रकात मोजके प्रश्न: कूलरला दिवसाला किती बादल्या पाणी लागतं, बादली किती लिटरची, पाणी कोण भरतं, टाकी शेवटची कधी घासली, प्लग तीन पिनांचा आहे का, कूलर नसेल तर दुपार कशी काढता. नाव लिहून घेऊ नका. कोणाच्या घरी कूलर नाही हे वर्गात उघड व्हायला नको.

प्रयोगाला दोन अल्कोहोलचे थर्मामीटर, मलमलची पट्टी, टेबल फॅन. एका थर्मामीटरच्या फुग्याला ओली पट्टी गुंडाळायची, दुसरा कोरडा, दोन्ही पंख्यासमोर. थर्मामीटर आधी एकाच पेल्यातल्या पाण्यात बुडवून ताडून घ्या. दोघांत अंशाचा फरक मुळातच असला, तर मुलं तो बाष्पीभवनाच्या खात्यात टाकतात. पट्टी भिजवायला माठातलं पाणी नको, खोलीत ठेवलेलंच घ्या. नाहीतर थंडावा माठाचा आणि श्रेय पंख्याला. आकडा स्थिर होईपर्यंत थांबा, पाचेक मिनिटं तरी.

इथे एक अडचण आहे. विदर्भातल्या शाळा उघडतात जूनच्या शेवटी, तेव्हा हवा दमट. हवा 42 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल तर ओला थर्मामीटर 22 च्या आसपास उतरतो. 30 अंश आणि 80 टक्क्यांना फरक जेमतेम तीन अंशांचा. म्हणून एप्रिलमध्येच नोंदी घेऊन ठेवा आणि जुलैतल्या शेजारी मांडा. पावसाळ्यात कूलर का चालत नाही, हे पाठाचं सगळ्यात चांगलं वळण आहे, ते सोडू नका.

डासांचा मुद्दा छात्राध्यापक अर्धवट सांगतात. डेंग्यूच्या एडिस डासाला अंड्यापासून उडायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून टाकी दर आठवड्याला रिकामी करायची. पण अंडी टाकीच्या कडांना चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. कडा घासल्याच पाहिजेत, नुसतं पाणी ओतून टाकून भागत नाही. शॉकबद्दलही नेमकं बोला: पत्र्याची बॉडी, ओला पंप, अर्थिंग नाही. पाणी भरण्याआधी प्लग काढायचा, फक्त बटण बंद करून नाही. वर्गात चालू कूलर उघडायचा नाही.

आणि पत्रक. परत सांगतो, पत्रक. ‘नळ तासभरच येतो, त्यातलं किती पाणी कूलरला?’ हा प्रश्न घरच्या लिटरांशिवाय हवेत राहतो. पुस्तकातले आकडे देऊन काम भागवू नका.

बाकी थोडक्यात. तासिका 40 मिनिटांची: प्रयोगाला 15, उरलेला वेळ आकडे आणि चर्चेला. छात्राध्यापक उलटं करतात, घड्याळ लावून एक तालीम घ्या. पाठाच्या लेखी टाचणात ‘समाजाशी संबंध’ असं नुसतं लिहिलेलं मान्य करू नका, प्रश्न लिहून मागा. मूल्यमापनात व्याख्या नको, निर्णय आणि त्याचं कारण विचारा. भरलेली पत्रकं पाठाच्या आदल्या दिवशी गोळा करा, बेरीज त्याच संध्याकाळी.